मागचं डावं दार

सुपडूनाना वर्तमानपत्र गाडीच्या दारात वाचतात. म्हणजे दार उघडून सीटवर बसून नव्हे. बंद दारासमोर अंक धरायचा आणि दाराच्या रंगात त्याचं जे उलटं प्रतिबिंब पडतं, ते वाचायचं. मोठे मथळे वाचता आले तर गाडी नुसती धुतलेली आहे. सोन्याचा भाव वाचता आला तर पॉलिश बरं झालंय. आतल्या पानावरच्या 'पाहिजेत'च्या बारीक जाहिराती वाचता आल्या की मग काम झालं. इतक्या वर्षांच्या सरावाने नानांना आता उलटी अक्षरंच सोपी जातात. सरळ अंक हातात दिला तर चष्मा शोधतात.

नाना मूळचे धुळ्याकडचे. तिकडे एका गॅरेजात गाड्या रंगवायचे. रंगाच्या वाफेने खोकला लागला तेव्हा रंग सोडला आणि पॉलिशचं मशीन घेतलं. मग जळगावात आले आणि आमच्या मागच्या गल्लीत राहू लागले. मुलगा सुरतेला असतो. नानी जाऊन तीन वर्षं झाली. स्कूटरच्या पुढ्यात मशीन, डिकीत फोमची चाकं आणि कंपाउंडच्या, म्हणजे घासायच्या मलमाच्या बाटल्या, खांद्यावर वायरचं भेंडोळं असे नाना घरोघरी जाऊन गाड्या चमकवतात. रंगावरचे ओरखडे आणि डाग मशीनने इतके हलके घासायचे की वरचा बारीकसा थर जाईल आणि खालचा लखलखीत रंग वर येईल, हे ते काम. ऐकायला सोपं वाटतं. हात जरा जड पडला तर रंगच निघून येतो.

नानांचा एकच शत्रू आहे, तो म्हणजे कोरडं फडकं. धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की ती धूळच रंगावर घासली जाते आणि उन्हात गाडीभर गोल गोल बारीक रेषा दिसू लागतात. नाना त्याला 'जाळी' म्हणतात. आपल्याकडे तर सकाळी उठून गाडीवर फडकं झटकणं हे दात घासण्याइतकं नेमाचं काम. त्यामुळे नानांना रस्त्याने सरळ चालता येत नाही. कोणी फडकं मारताना दिसला की स्कूटर थांबलीच. "भाऊ, कोरडं फडकं मारू नको, तिना जीव जाई ऱ्हायना," असं ते इतक्या कळवळून सांगतात की समोरचा घाबरून गाडीखाली कोणी सापडलंय का ते वाकून पाहतो. एकदा स्टेशनजवळ एका साहेबांच्या ड्रायव्हरच्या हातातून नानांनी फडकं हिसकावून घेतलं होतं. त्या ड्रायव्हरने आरडाओरडा करून माणसं गोळा केली. नानांनी त्या सगळ्या माणसांना जाळी दाखवली.

नव्या गाडीच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं की नाना पूजेत लुडबूड करतात. नवरदेवाच्या गाडीला चिकटपट्टीने फुलं लावताना दिसली की लग्नघरातलं जेवण सोडून उठतात. लोक चिडतात, पण बोलावतात त्यांनाच. कारण अमळनेरच्या बोकडाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

अमळनेरला एका शेतकऱ्याची काळी जीप नानांनी चमकवून दिली होती. ती अंगणात उभी होती. शेजारचा बोकड तिथून चालला होता. त्याला जीपच्या दारात दुसरा बोकड दिसला. याने मान खाली घातली, त्यानेही घातली. मग जे व्हायचं ते झालं आणि दाराला चांगला वाटीएवढा पोचा पडला. जीपवाला तावातावाने जळगावला आला, की बाबा हे कसलं पॉलिश. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकाने कामात खोट काढली की ते एवढंच म्हणतात, "बोकडले दिसनं, तुमले दिसस नही." पोचा मात्र त्यांनी धुळ्याला स्वतः नेऊन काढून आणला.

आता आमच्या गाडीविषयी सांगतो.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गर्द निळी. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती हौसेने घेतली आणि तिच्यातून सगळा खानदेश पालथा घातला. गेल्या पावसाळ्यात त्यांना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. आबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते आपल्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच. फिरणं बंद, पेपर बंद. जेवायला हाक मारली की यायचे आणि ताटाकडे बघत जेवून परत जायचे. आधी माझ्याशी दिवसातून दोन वेळा तरी भांडायचे, तेही बंद झालं. आबा भांडत नाहीत याचा मला इतका धसका बसेल असं वाटलं नव्हतं.

बायको म्हणाली, गाडी रोज डोळ्यांसमोर दिसते म्हणून त्यांना वाईट वाटत असेल, विकून टाकू. मलाही पटलं. आबांना विचारलं तर "तुम्हाला वाटेल ते करा," म्हणाले. शिंदखेड्याचे एक कापड दुकानदार, त्यांना सगळे शेठ म्हणतात, ते घ्यायला तयार झाले. रंग तेवढा नीट करून द्या म्हणाले. म्हणून दिवाळी झाल्यावर मी नानांना बोलावलं. नानांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, उजेड टाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि दोन दिवसांत देतो म्हणून सांगितलं.

त्या दोन दिवसांनी माझ्या नाकी नऊ आणले.

पहिल्याच दिवशी नाना आबांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "जयभीम आबा," म्हणाले. आबांनी आतून "रामराम नाना," केलं. दोघं आपला सोडून समोरच्याचा नमस्कार घालतात, ती त्यांची जुनी पद्धत. नाना म्हणाले की जाळी दिसायला दिवा तिरपा धरावा लागतो आणि माझा एक हात मशीनवर असतो, कोणीतरी दिवा धरायला पाहिजे. मी धरतो म्हटलं तर तुझा हात हलतो म्हणाले. आबा कुरकुरत बाहेर आले, पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून बसले आणि दिवा धरला.

बॉनेट झालं, छत झालं, तीन दारं झाली. राहिलं मागचं डावं दार. ते काही होईना. सकाळी नाना यायचे, चाक फिरवायचे, आबा दारासमोर पेपर धरायचे आणि नाना उलट वाचायचे. सोन्याच्या भावापर्यंत गाडी यायची आणि बारीक जाहिरातींना अडायची. "आजून एक हात बाकी शे," असं म्हणून नाना मशीन गुंडाळायचे. पुढे पुढे तर आबाच पेपर वाचायला लागले, आधी दारातून आणि मग सरळ. एखादी बातमी निघायची, तिच्यावरून दोघांची जुंपायची, आणि जन्मभर ऑफिसात जपलेली शुद्ध मराठी गुंडाळून ठेवून आबा नानांशी अहिराणीत वाद घालायचे. आतून चहा जायचा. थंडी गेली, उन्हाळा आला. बॉनेटवर पापड भाजला जाईल असं ऊन पडायला लागलं. उन्हात कंपाउंड वाळतं, या सबबीखाली काम फक्त सकाळी आणि संध्याकाळी तासभर चालू लागलं.

इकडे शेठ मला फोन करून करून थकले. एका दाराला एवढा वेळ लागतो का, गाडी आहे की विमान, असं ते विचारायचे. नानांना जाब विचारला तर ते मला बोकडाची गोष्ट ऐकवायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी शेठनी स्पष्ट सांगितलं, की सणानंतर गाडी मिळाली नाही तर मी दुसरी बघतो. मी ठरवलं, आता नानांना सुट्टी द्यायची आणि धुळ्याहून दुसरा कारागीर आणायचा.

त्या दिवशी मी ऑफिसातून दुपारीच घरी आलो. आबा आत झोपले होते. शेडखाली नाना एकटेच दिसले. मागच्या डाव्या दारासमोर उकिडवे बसून ते काहीतरी करत होते. जवळ जाऊन पाहिलं आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दार आरशासारखं झालेलं होतं आणि नाना त्याच्यावर कोरडं फडकं घासत होते. गोल गोल, हळूहळू, इकडे तिकडे बघत.

मला पाहून त्यांनी फडकं पाठीमागे लपवलं. मग त्यांनीच खाली मान घालून सांगितलं.

"काम सरनं ते आबा परत खोलीमा जाई बठतीन," नाना म्हणाले. "रोज जाळी पाडस आनि रोज काढस. रंग पातळ होई ऱ्हायना, मना जीव तुटस. पन काय करू?"

धुळ्याच्या कारागिराचं नाव तोंडातच राहिलं. ज्या माणसाने अनोळखी ड्रायव्हरच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं होतं, तो आमच्या आबांसाठी रोज दुपारी चोरून हे करत होता. मी नानांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि आबांना यातलं काही कळता कामा नये, असं मला बजावून सांगितलं.

पण मला राहवेना. रात्री जेवताना मी आबांकडे आडून आडून विषय काढला. दाराला फारच वेळ लागतोय, नाही का, म्हटलं. आबांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं.

"फडकं दिसलं वाटतं तुला," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"माझ्या खिडकीतून शेड दिसते. डोळे शाबूत आहेत माझे, चक्कर येते तेवढीच."

"मग बोलला नाहीत कधी?"

आबांनी घास संपवला. मग ते म्हणाले, "त्याच्या घरी कोण आहे रे? नानी होती तेव्हा आठवतंय ना, गल्लीच्या तोंडापासून दोघांचं बोलणं ऐकू यायचं. आता संध्याकाळी कुलूप काढून आत जातो, तो सकाळपर्यंत आवाज नाही. आपल्याकडे येतो तेव्हा दोन शब्द बोलतो, चहा पितो. मला काय दिवा धरायची हौस आहे होय? पाठ दुखते. पण मी उठलो तर तो जाईल. एका दाराचं काय घेऊन बसलास?" आणि नानाला यातलं काही कळता कामा नये, असं मला बजावून ते पाणी प्यायले.

आखाजी झाली. शेठचा फोन आला तेव्हा मी बाहेर रस्त्यावर जाऊन बोललो. गाडी विकायची नाही, म्हणून सांगितलं. शेठनी मला बरंच काही ऐकवलं. मी सगळं ऐकून घेतलं, कारण त्यांचं चुकत नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. त्या दोघांना मात्र अजून सांगितलेलं नाही. गाडी विकायची नाही म्हटलं तर दार चमकवायचं कारणच उरत नाही, मग एकाने मशीन गुंडाळायचं आणि दुसऱ्याने खोलीत जायचं. परवा मी ऑफिसला निघालो होतो. शेडखालून आबांनी हाक मारली आणि शिंदखेड्याचे शेठ कधी येताहेत म्हणून विचारलं. आवाज अगदी कडक होता. नानांनी मशीन बंद केलं आणि तेही माझ्याकडे पाहायला लागले.

शेठ लग्नसराईत अडकलेत, सध्या काही त्यांना यायला जमत नाही, असं मी सांगितलं.

"मग सावकाश होऊ दे," आबा नानांना म्हणाले, आणि नानांनी मशीन पुन्हा सुरू केलं.