आप्पा सरवट्यांचें पुनरागमन आणि सीलबंद डब्याची हकीकत

श्रीगणाधीश समर्थ. त्यांचे मागें दूरचित्रवाणी माता, जी घरोघरीं भिंतीवर नांदते आणि जिचे कृपेनें आमटी करपते, तीस दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, कार्तिक वद्य पंचमी, रविवार, ते दिवशीं तिमजली राज्यांत जें वर्तलें तें जैसें घडलें तैसें लिहिलें असे. पदरचें मीठ पडलें असल्यास चवीपुरतें पडलें, ऐसें समजावें.

राज्य तिमजली, बिऱ्हाडें बारा, लिफ्ट एक, तीही बहुतकरून रुसलेली. दुसरे मजल्यावर राजश्री मनोहरपंत खांबेटे, तारखात्यांतून सेवानिवृत्त, सहकुटुंब नांदत होते. समोरचे दारीं शकुंतलाबाई टिपणीस, ज्यांनीं कन्याशाळेंत तीस वर्षें बीजगणित शिकविलें आणि ज्यांची एक भुवई वर जातांच आजही पन्नाशीच्या बायका पदर सांवरून उभ्या राहत. पूर्वीं शके एकोणीसशें विसांत दर रविवारीं सकाळीं दहास हेर आप्पा सरवटे दूरचित्रवाणीवर प्रकट होत. काळी टोपी, ढगळ कोट, हातीं अडकित्ता. संशयित सारे एके खोलींत जमवावे आणि सुपारी अडकित्त्याचे तोंडीं धरून आप्पांनीं एकेकाकडे पाहत जावें, आणि 'कट्' ऐसा आवाज होई तेव्हां ज्याकडे नजर असेल तो गुन्हेगार, हें सारे मुलखास पाठ होतें. तेव्हां शकुंतलाबाई खांबेट्यांकडे येत आणि मग रिवाज ऐसा पडला कीं शेवटचे भागापूर्वीं जाहिराती लागल्या म्हणजे दोघांनीं गुन्हेगाराचें नांव चिठ्ठीवर लिहून बिस्किटांचे डब्यांत टाकावें, आणि तोंडानें मात्र भलतेंच नांव सांगून समोरच्यास हूल द्यावी, म्हणजे कोणी कोणाची अक्कल चोरूं नये. खांबेट्यांचें कुटुंब उमाबाई चहा आणून ठेवीत आणि आंत जात. त्यांचा पक्ष कोणता हें कोणी पुसलें नाहीं.

ऐशांत रावसाहेबांचे खुनाचें प्रकरण आलें. रावसाहेब खुर्चींत बसल्याजागीं विषानें गेले. खोलींत चौघे: डॉक्टर, पुतण्या, वकील, आणि घरची विधवा मावशी. चिठ्ठ्या पडल्या. खांबेटे बोलले, "डॉक्टर!" बाई बोलल्या, "पुतण्या. उघड आहे." मग आप्पांनीं सुपारी धरिली, चौघांवर नजर फिरविली, अडकित्ता मिटूं लागला, आणि पडद्यावर अक्षरें आलीं, 'क्रमशः'. पुढचे रविवारीं आप्पा आले नाहींत. निर्मात्यांत बेबनाव होऊन मालिका बुडाली आणि ते जागीं दूधवाढीवर चर्चा लागली. मग दोघांनीं तह केला कीं खरें उत्तर कळेतों डबा उघडूं नये, आणि झांकणास चिकटपट्टी लावून वर दोघांनीं सह्या ठोकिल्या आणि डबा उमाबाईंचे फडताळांत ठेविला. तेथून सत्तावीस वर्षें 'डॉक्टर कीं पुतण्या' हें युद्ध चाललें. जिन्यांत चाललें, भाजीवाल्यापाशीं चाललें, बाईंचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटण्यापूर्वीं चाललें.

आणि मग यंदाचे दिवाळींत जाहिरात झळकली: आप्पा सरवटे परत येत आहेत, सत्तावीस वर्षांचें रहस्य उलगडणार! सारे राज्यांत नौबत झडली. तळमजल्यावरील पेठेकाकांनीं जुनी काळी टोपी धुऊन वाळत घातली. मनोहरपंतांनीं चष्मा नवा करविला. परंतु खबर दुसरीही होती. शकुंतलाबाईंस गुडघे जिना चढूं देईनात, सबब त्या लेकीचे मुलखीं कायमच्या राहावयास निघाल्या होत्या. गाडी सोमवारीं प्रातःकाळची आणि आप्पा रविवारीं दहास. म्हणजे निकाल लागावयास उभा एकच दिवस. मनोहरपंत वरकरणीं बोलत, "जाण्याआधी हार पत्करून जा, म्हणजे सामान हलकं होईल." बाई बोलत, "खांबेटे, तुमच्या डॉक्टरला मी गाडीत बसण्यापूर्वी तुरुंगात... नाही, नाही, तो तर निर्दोष आहे बिचारा." परंतु पंत गॅलरींत उभे राहून समोरचे दाराशीं बांधलेलीं खोकीं मोजूं लागले कीं त्यांस चहा गोड लागेना. युद्ध जिंकावें ही इच्छा खरी. मात्र युद्ध अर्धें टाकून शत्रूच निघून जावा, हें कोणते शास्त्रांत बसतें?

रविवार उगवला. खांबेट्यांचे दिवाणखान्यांत बारा बिऱ्हाडांचीं पायतणें दारीं जमलीं. पंतांची सून ऋजुता, हुशार, थोडी बोलकी, तिणें पडदा लाविला. डबा टीपॉयवर मानानें ठेविला. उमाबाई चहा ठेवून आंत गेल्या. दहा वाजले, आप्पा अवतरले, आणि सभा एकमेकांकडे पाहूं लागली. कारण अवतरले ते आप्पा नव्हतेच. दाढी राखिलेला, दंड फुगविलेला एक तरुण समुद्राकडे पाहत उभा होता आणि रडत होता.

"हा कोण?" शकुंतलाबाई वदल्या.

"आप्पाच आहेत ते, काकू," ऋजुता म्हणाली. "त्यांना आता दुःख दिलंय."

"कसलं?"

"ते आठव्या भागात सांगतात."

मग काळोख आला. ऐसा काळोख कीं कोण कोणास मारितो तें कळेना, आणि पेठेकाकांनीं उठून खिडकीचे पडदे ओढिले तरी कळेना. अर्धी घटका आप्पा मोटारींतून हिंडले, एकदां उघड्या अंगानें जोर काढिले, सुपारीस शिवले देखील नाहींत. मग शेवटास कोणी हवालदार बोलला, "साहेब, ती रावसाहेबांची जुनी केस?" आणि आप्पा बोलले, "ती फाइल पुरात वाहून गेली." आणि पुनः समुद्र.

इतकेंच. सत्तावीस वर्षें एके वाक्यांत बुडालीं. पेठेकाकांनीं डोईवरील टोपी काढून मांडीवर ठेविली. कोणी म्हणालें, "आमच्या आप्पांनी तर पोहून जाऊन फाइल आणली असती." कोणी म्हणालें, "कसले पोहतात, त्यांना जिना चढवत नव्हता." मंडळी हळूहळू आपलालीं पायतणें शोधूं लागली. मनोहरपंत मात्र डब्याकडे पाहत बसले. उत्तर नाहीं म्हणजे तहाप्रमाणें डबा उघडणें नाहीं, आणि उद्यां गाडी. मग त्यांणीं मनाचा हिय्या केला आणि बोलले, "बाई, निकाल लावणारा पळाला. आता आपणच कोर्ट. उघडूया?"

बाईंची भुवई वर गेली, मग खालीं आली. "उघडा. हरल्यावर रडायला समुद्र मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

ऋजुतेनें डबा हातीं घेतला. झांकण पाहिलें, पुनः पाहिलें, काहीं बोलूं गेली आणि थांबली. चिकटपट्टी सोडविली. आंतून दोन चिठ्ठ्या निघाल्या. पहिली खांबेट्यांची. ऋजुतेनें मोठ्यानें वाचिलें, "मावशी. जी बाई कोणाच्या अध्यात ना मध्यात, चहा ठेवून आत जाते, तिच्यावर नजर ठेवावी." दुसरी बाईंची. तीवर एकच शब्द, ठळक, खालीं दोन रेघा ओढून: मावशी.

तेवढ्यांत स्वयंपाकघरांतून गाळण्याचा आवाज आला. दोघांनीं एकमेकांस हूल दिली होती, आणि मग दुसऱ्यानें हुलीवर हल्ला केला म्हणून तीच राखीत बसले, आणि बोललेलें नांव राखतां राखतां लिहिलेलें नांव विसरले.

"म्हणजे सत्तावीस वर्षं," पंत क्षीण आवाजांत बोलले, "डॉक्टर..."

"निर्दोष," बाई म्हणाल्या. "पुतण्याही. बिचारे."

मग ऋजुता हळूच बोलली, "बाबा, एक विचारू? या पट्टीवर तुमची सही आणि काकूंची सही, दोन्ही एकाच वळणाच्या कशा? आणि दोन्हींच्या 'ट'ला तशीच शेपटी, जशी आईंनी पिठाच्या डब्यावर लावलेल्या चिठ्ठीत 'पीठ' मधल्या 'ठ'ला असते?"

सारे मुलखाचे डोळे स्वयंपाकघराकडे वळले. उमाबाई ट्रे घेऊन दारांत उभ्याच होत्या. त्या यत्किंचित् डगमगल्या नाहींत.

"दुसऱ्याच वर्षी मुंग्या लागल्या डब्याला," त्या म्हणाल्या. "बिस्किटाचा चुरा होता आत. घासायला नको? उघडला, वाचलं, पुसला, सह्या केल्या, ठेवून दिला."

"आणि बोलली नाहीस?" पंत गर्जले.

"कशाला बोलू? दोघांचं एकच आहे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दोघं काय बोलला असता? हवामान?"

तेव्हां शकुंतलाबाई ज्या हसूं लागल्या त्या ऐशा कीं त्यांस पाणी देणें पडलें. पंत प्रथम रागावले, मग तेही हसले, मग एकाएकीं गंभीर होऊन बोलले, "पण बाई, मावशीने विष चहातच घातलं होतं."

"छे! साखरेत," बाई डोळे पुसत वदल्या. "चहा सगळ्यांनी घेतला. साखर फक्त रावसाहेबांनी. एवढं सोपं समीकरण आहे, खांबेटे."

"डॉक्टरांनी साखर बंद केली होती त्यांची! तिसरा भाग आठवा!"

"म्हणूनच चोरून घेत होते! फोन करते उद्या पोचल्यावर, सविस्तर समजावते."

"करा. अकराला करा. मी मुद्दे काढून ठेवतो."

ऐसें नवें युद्ध तेच स्थळीं जाहीर जाहलें आणि पंतांचा चेहरा सत्तावीस वर्षांनीं धाकटा दिसूं लागला. नव्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, डब्यांत पडल्या, आणि डबा पुनः उमाबाईंचेच हवालीं जाहला, कारण दुसरा इतका विश्वासू कोणी आढळला नाहीं. मग उमाबाईंनीं दोघांपुढें चहा ठेविला आणि आंत गेल्या. दोघा महान् हेरांनीं कप उचलिले, एकमेकांकडे पाहिलें, आणि घोट घेण्यापूर्वीं दोघांनींही हुंगून पाहिलें.

सारांश हाच कीं आप्पा परत आले आणि फुकट आले, परंतु त्यांचे निमित्तें डॉक्टर सुटला, पुतण्या सुटला, आणि खरा हेर तिमजली राज्यास स्वयंपाकघरांत सांपडला. दूरध्वनी रोज अकरास वाजतो. साखरेचा निकाल अद्याप नाहीं. लिहिणारास चहा मिळाला, तो गोड होता. इति.