खते (सर्व प्रकारची)

पुस्तक कोठे ठेवले आहे हे ठाऊक नसेल, तर ते नसल्यासारखेच असते. कायद्याचे तसे नाही. तो कोठे आहे हे ठाऊक नसले तरी तो असतोच, आणि बहुधा आपल्याच मागे उभा असतो. म्हणून कायद्याच्या ग्रंथालयाचे काम मोठ्या जबाबदारीचे आहे. विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाच्या आष्टा शाखेत मी लिपिक आहे. येथील कामकाजाची ही माहिती प्रत्येक नव्या वाचकाला, दारातल्या नोंदवहीत त्याची सही झाल्यावर, वाचावयास देण्यात येते. आपणही आत्ताच सही केली आहे. बसावे. (पंख्याखालची खुर्ची मोडकी आहे.)

ही शाखा आष्ट्यात का, असे विद्यापीठातून येणारे साहेब दरवेळी विचारतात. कै. कृष्णातराव वकील यांनी आपली दोन हजार एकशे बारा पुस्तके विद्यापीठाला दिली, तेव्हा ती गावाबाहेर नेऊ नयेत अशी अट घातली होती. विद्यापीठाने देणगी आनंदाने स्वीकारली आणि अट नंतर वाचली.

१९७४ साली सर्व व्यवहार मराठीतून करावा असे परिपत्रक आले. तोवर पुस्तके इंग्रजी यादीप्रमाणे लावलेली होती व वर्षाला सरासरी चार वाचक येत. (पैकी दोघे पत्ता चुकून.) नव्या मराठी मांडणीचे काम हंगामी ग्रंथरक्षक हवालदार (निवृत्त) नाथाजी यांच्याकडे आले. त्यांनी अठरा वर्षे पलटणीचे भांडार सांभाळले होते आणि एक बूटही हरवू दिला नव्हता. त्यांचा नियम सरळ होता. वस्तूचे नाव वाचावे, आणि नाव सांगेल तिथे ती ठेवावी.

त्याप्रमाणे फौजदारी कायदे ‘लष्कर’ या कपाटात गेले आणि नाथाजी त्यांना रोज सकाळी मानाने पुसू लागले. पोटगी आणि पोटनियम वैद्यकात गेले. कूळकायदा ‘लग्नकार्य’ या फळीवर बसला (त्यामुळे दोन सोयरिकी जुळल्या असे सांगतात, मी खात्री केलेली नाही). मृत्युपत्रे टपालात, दिवाळखोरी सणवारात. राहता राहिली खरेदीखत, गहाणखत, बक्षीसखत यांवरची अडतीस पुस्तके. वकीलसाहेबांची स्वतःची ऊसशेती असल्याने संग्रहात रासायनिक खतांवरही सहा पुस्तके होती. नाथाजींनी सगळी एका कपाटात लावली आणि वर पाटी ठोकली: ‘खते (सर्व प्रकारची)’.

मी तेव्हाच हरकत घ्यायला हवी होती असे काही जण म्हणतात. परंतु १९७५ साली आमच्याकडे सहाशे अकरा वाचक आले, आणि त्यातले पाचशे चाळीस थेट खतांच्या कपाटाकडे गेले. युरियाची चौकशी करायला आलेला माणूस गहाणखताविषयी चार गोष्टी ऐकूनच बाहेर पडे, कारण नाथाजी कपाट डावीकडून क्रमाने समजावून देत. पलटणीत रांग मोडत नाहीत.

एके दिवशी शेजारच्या गावचा केरबा आला. त्याला अक्षरओळख नव्हती. टोपी हातात घेऊन त्याने विचारले, “आवं हवालदार, बक्षिसाचं खत कसं असतंय? उसाला चालंल न्हवं?”

“कोन देतंय?”

“चुलतभाऊ. लालासाहेब. म्हनला, गुरवारी इस्लामपूरला ये, बक्षीसखत करू, तू निस्ता अंगठा दे. पर रंगूबाई म्हनती, खताला स्टँपाचा कागुद कशाला लागतोय, ते आदी इचारून या.”

(रंगूबाई ही केरबाची बायको. विधी शाखेची पदवी तिच्याकडे नाही.)

नाथाजींनी पुस्तक काढले आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचले. मोबदला न घेता, स्वखुशीने, मालकी कायमची देणे.

“म्हंजे देनार कोन?” केरबाने विचारले.

“अंगठा तुमचा. म्हंजे तुमी.”

“आन काय देनार?”

“रान.”

केरबाने वाकून पुस्तकात बघितले. “मग ह्यात खत कुटं हाय?”

“ह्यो कागुदच खत,” नाथाजी म्हणाले.

गुरुवारी केरबा इस्लामपूरला गेला नाही. त्याने गाडीभर शेणखत नेऊन लालासाहेबाच्या दारात ओतले. मोबदला घेतला नाही. स्वखुशीने दिले.

शास्त्रशुद्ध मांडणीच्या ग्रंथालयात ‘येथे खते मिळत नाहीत’ असे सांगून केरबाला दारातूनच परत पाठवले असते, हे नम्रपणे नमूद करतो.

पुढच्या फेब्रुवारीत विद्यापीठाची त्रिसदस्य समिती आली. नाथाजींना कायम करायचे की कमी करायचे, हे तिच्या अहवालावर ठरायचे होते. नाथाजी पदके लावून उभे होते. समितीने पोटगी वैद्यकात पाहिली, मृत्युपत्रे टपालात पाहिली, आणि खतांच्या कपाटापुढे अध्यक्षांना पाणी द्यावे लागले. त्यांनी मला तिथल्या तिथे मजकूर सांगितला: श्री. नाथाजी यांना तत्काळ कमी करावे. नाथाजींनी तो ऐकला, सलाम केला आणि कपाटांच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मला फार वाईट वाटले.

मी टंकलेखनास बसलो. आमचे यंत्र जुने आहे. ‘कमी’ लिहिताना ‘क’ ठीक उमटला, पुढे मात्र ‘कायम’ असे झाले, आणि ‘मांडणी’च्या आधी ‘अनुकरणीय’ हा शब्द कोठून आला ते यंत्रालाच ठाऊक. समितीला सांगलीत जेवायला पोहोचायचे होते. तिघांनी तिन्ही प्रतींवर उभ्याउभ्या सह्या केल्या आणि गाडी गेली.

नाथाजींना त्यांची प्रत दिली. पोच देण्याआधी ती त्यांनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली आणि घाबरून माझ्याकडे बघितले. “आवं, साहेब तर कमी म्हनलं. हितं कायम पडलंय.”

“खाली सह्या कुणाच्या?”

“तिघांच्या.”

“मग हवालदार, खत झालं,” मी म्हणालो, आणि किल्ल्या परत दिल्या.

नाथाजी आजही कायम आहेत. केरबाला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने वाचून घेतले. समितीला वाचता येत होते, त्यामुळे तिला वाचावे लागले नाही. आपल्यालाही उत्तम वाचता येते, हे इथवर आलात त्यावरून दिसतेच. आत येताना आपण ज्या नोंदवहीत सही केलीत, तिच्या पानावर वर एक ओळ आहे. तिच्यानुसार दर शनिवारी सर्व कपाटे मोबदला न घेता, स्वखुशीने पुसण्याचे आपण मान्य केले आहे. आज शनिवार आहे. फडकी दाराआड आहेत, आणि सुरुवात लष्करापासून करायची असते.