गायधनी काकांचा बंब

अमावस्येला नेमकी दिवेलागणीच्या वेळी आमची बेल वाजली, की दार उघडायच्या आधीच मला ठाऊक असतं बाहेर कोण आहे ते. डोक्याला माकडटोपी, अंगात एकावर एक दोन स्वेटर, पायांत मोजे आणि त्या मोज्यांसकट स्लीपरच्या पट्ट्यात कोंबलेले अंगठे. आमच्या वरच्या मजल्यावरचे गायधनी काका. वाक्यही ठरलेलं.

"सेक्रेटरीबाई, तेवढा बाल्कनीतला दिवा मालवता का? तेराशे वर्षं हो!"

नवीन माणूस इथे गडबडतो. मीही पहिल्यांदा गडबडले होते. तेराशे वर्षं म्हणजे काय, तर मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचायला तेवढी वर्षं लागतात. "इतक्या लांबून चालत आलाय तो बिचारा," काका कळवळून सांगतात, "आणि घराच्या दारात आल्यावर तुमच्या बल्बला धडकतो. बरं दिसतं का ते?" जणू तो उजेड त्यांचा पाहुणा आहे आणि आम्ही त्याला जिन्यातच अडवून ठेवलंय.

यातली गंमत अशी, की या माणसाने सगळी नोकरी वीज खात्यात केली. निम्म्या नाशिकच्या रस्त्यांवरचे दिवे यांच्या देखरेखीखाली लागले. आणि निवृत्त झाल्यापासून हेच गृहस्थ दारोदार दिवे मालवत फिरतात.

माझ्या सासूबाई दिंडोरीकडच्या. त्यांना हे अजिबात खपायचं नाही. "तिन्हीसांजेला दिवा लावा म्हनायचं सोडून मालवा म्हनतो! लक्ष्मी यायची येळ ही. डोकं फिरलंय का या मानसाचं?" पुढचा प्रश्न त्या आवाज खाली आणून विचारायच्या. "आन् अवसेला एकलाच गच्चीवर काय करतो गं त्यो?"

हा प्रश्न सगळ्या बिल्डिंगीलाच होता. अमावस्या, गच्ची, काळं कापड आणि हातात लाल उजेडाची बॅटरी. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात म्हणून लाल कागद लावलेला असतो, हे कोणाला माहीत असणार? तळमजल्यावरच्यांनी जिन्यात लिंबू-मिरची टांगली. काकांनी ती पाहिली आणि "छान, डास येत नाहीत" म्हणून तिची तारीफ केली.

काकांचे चुलतभाऊ पंचवटीत पौरोहित्य करतात. अमावस्येला त्यांच्याकडे यजमानांची रीघ लागलेली असते. "आमच्या घराण्याला अमावस्या लाभते," काका म्हणतात. "ते पितरांना बोलावतात, मी उजेडाला बोलावतो. दक्षिणा तेवढी त्यांनाच मिळते."

आता त्या दुर्बिणीबद्दल. दुर्बीण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही येतं ते विसरा. हे प्रकरण माणसापेक्षा उंच आहे. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून पत्रा वळवून आणून काकांनी त्याची नळी केली. आतला मोठा आरसा त्यांनी घरीच काचेवर काच घासून बनवला. ते घासणं वर्षभर चाललं होतं, आमच्या छतावर. खर्र खर्र, खर्र खर्र. सासूबाई वर बघत म्हणायच्या, "एकटा मानूस, रोजच्या रोज कसलं पुरण वाटतो?" शेवटी ती नळी गच्चीवर उभी राहिली तेव्हा अख्ख्या बिल्डिंगीने एकमुखाने तिचं नाव ठेवलं, बंब. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय काका, पाणी तापलं का?" काका गंभीरपणे उत्तर द्यायचे, "नाही हो, गार व्हायला ठेवलाय." ते खरंच होतं. आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाल्याशिवाय चित्र स्थिर दिसत नाही म्हणे.

थट्टा काकांना लागायची नाही. उलट ती ऐकून ते दोन मिनिटं जास्त थांबायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ऑस्ट्रेलियात. घरात बोलायला कोणी नाही, मग जिन्यातली थट्टा ही त्यांची हक्काची करमणूक होती. हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं.

गेल्या गणपतीत आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पितळी नळ चोरीला गेले. सोसायटीची मीटिंग बसली. गच्चीवर मोठा दिवा लावायचा, तो रात्रभर चालू ठेवायचा, असं एकमताने ठरलं. काकांचं मत धरलं नव्हतं, कारण मीटिंगमध्ये ते तेराशे वर्षांपासून सुरुवात करतात आणि मग चहा गार होतो. सेक्रेटरी मी. हे पद कोणीच घेत नव्हतं म्हणून माझ्याकडे आलेलं. तेव्हा सांगायलाही मीच गेले.

मला वाटलं होतं, चिडतील. ते चिडले नाहीत. बराच वेळ माकडटोपीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "एक हिवाळा द्या. संक्रांतीपर्यंत. त्यानंतर खुशाल सूर्य आणून लावा गच्चीवर."

"एका हिवाळ्यात काय होणार आहे, काका?"

"फोटो होईल. रेवाला रंग दाखवायचा राहिलाय."

रेवा ही त्यांची मुलगी. मग त्यांनी कपाटातून एक जुनं चित्र काढलं. कुठल्याशा विज्ञानाच्या मासिकातून कापलेलं, घड्यांवर फाटलेलं. गुलाबी-जांभळा पसरलेला ढग, आणि त्याच्या वरच्या अंगाला चिकटून एक छोटा गोल ढग. रेवा लहान असताना हे चित्र पाहून म्हणाली होती, "हा मोठा म्हणजे बाबा. आणि बाबाच्या खांद्यावर बसलेय ती मी." मग काकांनी तिला खरोखरच खांद्यावर घेऊन गच्चीवर नेलं आणि बायनॉक्युलरमधून तो तेजोमेघ दाखवला. तिला दिसला तो धुरकट करडा ठिपका. पोर हिरमुसली. "रंग कुठंय? तू खोटं सांगतोस."

"तिची चूक नव्हती," काका मला समजावून सांगायला लागले. "आपल्या डोळ्याला एवढ्या अंधूक उजेडातला रंग कळतच नाही. कॅमेऱ्याला कळतो. तो उजेड साठवत बसतो. शेकडो फोटो काढायचे, ते सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, मग हळूहळू गुलाबी वर येतो. मी तिला म्हटलं होतं, मी स्वतः काढून दाखवीन. तेव्हा नोकरी होती, मग तुमच्या काकूचं आजारपण निघालं. मग रेवाच गेली."

मी सोसायटीला सांगितलं, इलेक्ट्रिशियन संक्रांतीनंतर येणार आहे. तो बिचारा कधीही यायला तयार होता.

पण काकांचं नशीब बघा. पहिली अमावस्या आली ती दिवाळीची. वर्षातली चांगली काळोखी रात्र, आणि तिलाच आपण लक्ष्मीपूजन करतो! प्रत्येक बाल्कनीत आकाशकंदील, खाली भुईचक्रं, वर धूर. काका त्या दिवशी बेल वाजवायला आले ते फक्त फराळाचं ताट परत द्यायला. दुसऱ्या अमावस्येला अवकाळी ढग. सासूबाईंचा भाचा दौलत, त्याची वणीच्या रस्त्याला द्राक्षबाग आहे, तो तिकडे फोनवर आभाळाच्या नावाने बोटं मोडत होता आणि इथे काका. दोघांची दुःखं जुळली. शेवटी मीच म्हटलं, काका, पुढच्या खेपेला बंब घेऊन बागेतच जा. तिथे ना कंदील, ना हॅलोजन.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला टेम्पोतून बंब निघाला. गाद्यांमध्ये गुंडाळलेला, दोरखंडांनी बांधलेला. हवा कोरडी, आभाळ लख्ख, थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. "याहून चांगली रात्र मिळणार नाही," असं म्हणत काका टेम्पोवाल्याच्या शेजारी चढून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो परत आला. काकांचं तोंड काळं, स्वेटरला जळक्या काड्यांचा वास. मी विचारलं, "फोटो?" ते म्हणाले, "धुराचा हवा असेल तर आहे."

झालं होतं असं, की आकाश जितकं निरभ्र तितका गारठा जास्त, आणि द्राक्षाला असला गारठा बाधतो. म्हणून असल्याच रात्री बागायतदार बागेत जागोजागी शेकोट्या करतात आणि धूर कोंडून ठेवतात. हे नाशिकच्या पोराटोरांना माहीत आहे. काकांना माहीत होतं, मला माहीत होतं, सासूबाईंचा तर जन्म बागेतला. पण टेम्पो ठरवण्याच्या नादात एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी दौलतचा फोन आला. "वैनी, म्हातारं लय भारी हाय बरं का. म्या म्हनलं, काका, तुमचं काम व्हऊ द्या, मंग पेटवतो. तर म्हने, घड काय थांबत्यात का? आन् सोता काड्या गोळा कराया लागलं. पहाटेपोत्तर आमच्यासंगं शेकोट्या पेटवीत व्हतं. बाग वाचली बगा."

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "वर दोन भाकरी धाडून दे."

संक्रांत झाली. इलेक्ट्रिशियनला मी आणखी एकदा पुढची तारीख दिली, कारण पौषातली अमावस्या चार दिवसांवर होती आणि सेक्रेटरीपदाचा एवढा तरी उपयोग असावा. अमावस्येच्या संध्याकाळी काका बेल वाजवायला आलेच नाहीत. कदाचित मन धजलं नसेल. मग सासूबाईच उठल्या. गुडघे धरत, कठड्याला टेकत प्रत्येक मजल्यावर गेल्या. "आज बाहेरचे दिवे लावू नका गं. त्या मानसाचा पाव्हना यायचाय." तळमजल्यावरच्यांनी निमूटपणे जिन्यातलं बटणसुद्धा बंद केलं. घरी येऊन सासूबाईंनी देवापुढे निरांजन लावलं, कारण ते न लावणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि खिडकीवर आपली गोधडी टांगली.

आठच्या सुमाराला मी गच्चीवर गेले. सातपूरच्या बाजूला आकाश तांबूस होतं, पण डोक्यावर बऱ्यापैकी काळोख. बंब आभाळाकडे तोंड करून, ताऱ्यांमागे सरकवणाऱ्या मोटरवर घरघरत होता. काका प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले होते. मला वाटलं होतं काहीतरी बघायला मिळेल. काहीच नव्हतं. बंबाला जोडलेला कॅमेरा दर थोड्या वेळाने टक् करायचा आणि काका हलकेच मान डोलवायचे. "उजेड साठतोय," ते कुजबुजले. मला त्या वेळी त्यांची फार कीव आली आणि थोडा हेवाही वाटला.

फोटो झाला. दोन दिवसांनी गच्चीवरचा दिवाही लागला. इतका लख्ख, की वाळत घातलेल्या पापडांतले जिरे मोजता यावेत.

रथसप्तमीच्या आधी एका संध्याकाळी सासूबाईंनी तिळगुळाच्या वड्या देऊन मला वर पाठवलं. काकांच्या हॉलमध्ये भिंतीवर नवी फ्रेम होती. मी वड्यांचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. गुलाबी, कडेला जांभळा, मधे पांढरा झगझगीत. हे आमच्या टाकीशेजारून काढलंय यावर विश्वास बसेना. पण काहीतरी चुकत होतं. ते छोटं गोल ढगुलं मोठ्याच्या खाली गेलं होतं.

"काका, फ्रेम उलटी लावलीत."

"उलटी नाही," ते म्हणाले. "ऑस्ट्रेलियातून असाच दिसतो. पृथ्वीच्या त्या अंगाला मृग डोकं खाली, पाय वर. मुद्दाम तसाच छापला, तिलाही तसाच पाठवला. म्हटलं, फोटो हातात घेऊन गॅलरीत जाईल, वर बघेल, ताडून पाहील. दोघं एकाच वेळी बघितल्यासारखं होईल."

"मग? काय म्हणाली?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. रेवाने लिहिलं होतं, "बाबा, किती सुंदर! रंग दाखवलास शेवटी. पण उलटा पाठवलास ना. बघ, मी खाली पडले!"

मला हसू आलं आणि ते तसंच राहिलं. काका खिडकीतून बाहेर गच्चीच्या दिव्याच्या उजेडाकडे बघत होते.

"एवढी वर्षं झाली तिला तिकडे," ते म्हणाले. "एकदाही मान वर करून बघितलं नाही तिनं. नाहीतर कळलं असतं."

सुचलं ते मी बोलले. "काका, पण खांद्यावर बसली होती ते तिच्या लक्षात आहे. म्हणून तर तिला उलटं दिसलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला. नंतर आतून स्टूल आणलं आणि म्हणाले, "धरा जरा."

त्यांनी फ्रेम उतरवून फिरवली, तशी तिची कडी खालच्या बाजूला गेली. वीज खात्यातला माणूस, खिशात वायरचा तुकडा असणारच. त्यांनी मागून वायर ओवली, पीळ दिला आणि फ्रेम दुसऱ्या अंगाने खिळ्याला अडकवली. स्टुलावरूनच विचारलं, "बघा बरं, खांद्यावर नीट बसलीय का?"

"बसलीय, काका."

"पडणार नाही ना?"

"नाही पडणार. उतरा आता."

हो हो म्हणाले. पण बराच वेळ त्यांनी फ्रेमखालचा हात काही काढला नाही.