बाबूलाल मिस्त्रीची तेलाची वाटी

बाबूलाल मिस्त्री तेलाच्या वाटीतला गाळ बोटांवर चोळून कालचा वारा सांगायचा. "ही वाटंची धूळ न्हाई अण्णा, खळ्यावरची हाय. वारं फिरलंय."

कृष्णेकाठी आम्हा पाच जणांच्या भागीदारीत उसाला पाणी देणारं क्रूड-ऑइलचं इंजिन होतं. ते मिस्त्री चालवायचा. दुसऱ्या महायुद्धात तो मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात लष्करी लॉऱ्या दुरुस्त करत होता. इंजिनात हवा शिरते तिथला फिल्टर रोज उघडायची सवय तिथलीच. फिल्टरमध्ये खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. आत ओढलेली हवा तेलावर येऊन झटकन वर वळते. जड धूळ तेलात पडते, उरलीसुरली तेलकट जाळीत अडकते. मिस्त्री म्हणायचा, "हवेला वळाय येतंय, धुळीला न्हाई."

इंजिनाच्या पुस्तकात वाटी-जाळी धुवायचं काम आठवड्यातून एकदा सांगितलं होतं. मिस्त्री रोज इंजिन बंद करून ते करायचा, तेही नेमकं माझ्या पाण्याच्या पाळीत. मी घड्याळ घेऊन समोर बसायचो. कमीत कमी एकवीस मिनिटं, जास्तीत जास्त चौतीस. तेवढ्यात तो चहात पडलेल्या वाळूपासून उंटांच्या रुसव्यापर्यंत सगळं सांगायचा. ऊस वाळायला लागला, तेव्हा भागीदारांनी ठरवलं, आणखी एक मोठा खोळंबा झाला की मिस्त्रीला काढायचं.

एका शुक्रवारी वाटी धुऊन, तेल भरून तो नमाजाला गेला. वाटीत रेघेपर्यंत अर्धा शेर तेल बसायचं. दुप्पट तेल म्हणजे दुप्पट दिवस वाटी धुवायला नको, असा हिशेब करून मी ती काठोकाठ भरली.

मिस्त्रीने येऊन इंजिन सुरू केलं. थोड्याच वेळात ते काळा धूर ओकत बेफाम पळायला लागलं. इंधन तोडलं तरी थांबेना. वाटीतलंच तेल पीत होतं. मिस्त्रीने अंगातला कोट काढून हवेच्या तोंडावर दाबला, तेव्हा कुठे ते गप्प झालं.

भागीदार धावत आले. एवढं तेल कुणी भरलं, म्हणून विचारलं. मिस्त्रीने माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीच. अंदाज चुकला."

उद्यापासून येऊ नकोस, असं थोरल्या भागीदाराने त्याला सांगितलं. माझ्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागला. किती, ते मी मोजलं नाही.

"तेल मी ओतलं," मी म्हणालो.

मग माझी यथेच्छ टिंगल झाली आणि मिस्त्रीचं काम टिकलं. सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, खोटं का बोललास?

तो जाळी धूत होता. मान वर न करता म्हणाला, "काम काय, दुसरं गावंल. घरवाली गेली तवापास्नं माझ्यापाशी बसून माझं ऐकतंय कोण? तुमीच की. चारचौघांत तुमची फजिती कशी करू?"

दुसऱ्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. इंजिन बंद होतं. मिस्त्रीच्या शेजारी मला बसायला एक पोतं घडी घालून ठेवलेलं होतं, आणि वाटी अजून उघडलेली नव्हती.