हिरासिंग काकांची सावड

या गावात कृषी केंद्राचं दुकान टाकलं, त्याच आठवड्यात मी स्वतःची शोभा करून घेतली. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा आत शिरला, थेट माझं मनगट धरलं, तळहात उजेडाकडे वळवला आणि अंगठ्यानं चोळायला लागला. मला वाटलं ज्योतिषी. मी जन्मवेळ सांगितली, वर विचारलं, "धंदा चालेल ना?"

"घट्टे नाहीत," म्हातारा म्हणाला. "फावडं धरलं नाही कधी. लोकायले शेती काय शिकवशीन?"

हे तांड्यावरचे हिरासिंग काका. कोणी बोलायला लागला की आधी त्याचा हात बघायचा, मग त्याचं ऐकायचं की नाही ते ठरवायचं. सरपंचाचा बघितला, मतं मागायला आलेल्यांचा बघितला. जावयाचाही बघितला आणि लेकीला म्हणाले, "चालते." गाव त्यांना टाळायचं. रोज शिव्या खायला कोणाला वेळ असतो?

मध्यंतरी पाणलोटाचा प्रकल्प आला. नाल्यावरचे बांध गावानंच श्रमदानातून नीट करायचे, अशी अट. अक्षर बरं म्हणून मी समितीचा सचिव. पहिल्याच सभेत शहरातून आलेल्या साहेबांनी लोकसहभाग म्हणजे काय, ते पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. काका ताडकन उठले.

"आमाले शिकवून राह्यले? सावड मालूम हाय का? आज तू माह्या वावरात, उद्या मी तुह्या. ज्याचं काम, त्याच्या घरची भाकर. माह्या बापाच्या वक्ताले वरचा बांध असाच बांधला. तो फुटाले आला. पहिले तो धरा! तो गेला तं खालच्या साऱ्या वावरायची माती गेली!"

"काका, तिथे गाडी जात नाही," साहेब म्हणाले.

म्हणून श्रमदान रस्त्याकडेच्या बांधावर झालं. तो बांध माझ्यापेक्षा धडधाकट होता. बॅनर, टोप्या, नवी कोरी फावडी. "फावडं वर धरा, चेहरा दिसू द्या!" हे ओरडणारा मीच. अर्ध्या तासात चहा झाला, गाड्या गेल्या. रजिस्टरात मी लिहिलं, 'संपूर्ण गाव उपस्थित', आणि काकांचं नावही घातलं.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात हजर.

"मी कुठी होतो रे, खोटारड्या? माती वाहून जाईन तवा हेच रजिस्टर लावजो बांधाले!"

भर गिऱ्हाइकांत. मलाही राग आला. म्हातारा खरं बोलत होता, म्हणून जास्तच आला.

मग काकांनी स्वतःच सावड बोलावली. घरोघर सांगत फिरले, सोमवारी सकाळी वरच्या बांधावर या. मी दुकान सोडून दुपारी गेलो, तेही माफी मागावी की नाही याचा विचार करत. काका एकटेच दगड रचत होते. चुलीवर वरणाचं मोठं पातेलं, फडक्याखाली टोपलीभर बट्ट्या. पत्रावळी वाऱ्यानं उडू नयेत म्हणून चळतीवर दगड ठेवलेला. एकही पत्रावळ उष्टी झालेली नव्हती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बेस, भिया." बस, भाऊ. माझ्याशी ते त्यांच्या घरच्या बोलीत पहिल्यांदाच बोलले. पत्रावळ मांडली, वरण वाढलं. "खाय. थंडं झालं."

जेवून मी संध्याकाळपर्यंत दगड वाहिले. तरी बांधातलं भगदाड होतं तेवढंच दिसत होतं. निघताना काका दुसरीकडे बघत म्हणाले, "माह्या तोंडापायी येत नाहीत रे लोक."

घरी येऊन मी आदळआपट केली. "काय नालायक गाव आहे! म्हातारा दारोदार फिरला आणि एक माणूस गेला नाही!"

बायको याच मुलखातली. ती कणीक मळत होती.

"आपल्या घरीही आलते काका. मी दारातच उभी होती. 'मालक कुठी हाय?' इचारलं अन् चालले गेले. तुमच्या सभेले आमाले बायायले बोलावलं नाही, त्यायच्या सावडीलेही नाही. वावर निंदाले, कापूस येचाले मात्र आम्ही! बांध फुटला तं काय फक्त मान्सायचीच माती जाते?" कणकेचा गोळा तिनं परातीत आपटला. "सांगा त्यायले, उद्या बट्ट्या करू नका म्हणा. आम्ही बाया डबे घेऊन येतो."