उत्तरेश्वर अण्णांची आबोहवा

मे महिन्यात भर दुपारी धाराशिवच्या बाजारातून एखादा गृहस्थ बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर घालून चाललेला दिसला, तर ते आमचे शेजारी उत्तरेश्वर अण्णा आहेत असं खुशाल समजावं. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं, कुत्री हापशाखालच्या चिखलात अंग टाकून पडलेली असतात, दुकानदार ओला पंचा डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकाला नकोच म्हणत असतात. आणि अण्णा स्वेटरचं वरचं बटण लावत म्हणतात, "आज जरा गारवाच हाय."

"अण्णा, घाम आलाय की तुम्हाला!" असं एखाद्यानं म्हटलंच, तर ते कपाळ पुसून बोट बघायचे.

"घाम न्हाय ओ, दव हाय. डोंगराळ मुलखात पडतं."

अण्णांचं म्हणणं एवढंच होतं की आमचं गाव हे थंड हवेचं ठिकाण आहे. सरकारला ते अजून कळलेलं नाही आणि गावकऱ्यांना कळून घ्यायचं नाही, त्याला अण्णांचा इलाज नव्हता. "आपन डोंगरावर हाओत," हे त्यांचं पालुपद. कुणाच्या मुलीला सोलापूरचं स्थळ आलं की म्हणायचे, "पोरगी खाली द्यायलाव? बघा बाबा." त्यांच्या लेखी जगाचे दोनच भाग होते. बालाघाटाच्या वरचा आणि खालचा. बार्शी खाली, सोलापूर तर पारच खाली. मुंबईबद्दल ते बोलायचेच नाहीत. समुद्राच्या पातळीवर राहणाऱ्या माणसाला काय बोलायचं?

त्यांच्या ओसरीत एक तापमापक होता. तो रांजणाच्या मागे, भिंतीच्या ओल आलेल्या जागी, ओल्या फडक्याला टेकवून टांगलेला असायचा. पेपरात आमच्या जिल्ह्याचा पारा चढल्याची बातमी आली की अण्णा पेपर घेऊन रांजणामागे जायचे आणि बाहेर येऊन जाहीर करायचे, "पेपरवाले खाली राहतात."

त्यांचा इतिहाससुद्धा हवेवरच चालायचा. गावाबाहेरच्या डोंगरात जुनी लेणी आहेत. अण्णा पाहुण्यांना विचारायचे, "मला सांगा, एवढा मुलूख पडला असताना त्या साधूंनी ह्याच डोंगरात का कोरलं?" पाहुणा धर्म, व्यापार, दगडाचा प्रकार असलं काहीतरी चाचपडायला लागायचा. अण्णा थोडा वेळ त्याला चाचपडू द्यायचे आणि मग बॉम्ब टाकायचे, "आबोहवा!" हा शब्द त्यांच्या वडिलांचा. वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. निजामाचे बडे अंमलदार हैदराबाद सोडून इथं बदली मागून घ्यायचे, असंही अण्णा सांगायचे. पुरावा विचारला तर म्हणायचे, "आले होते का न्हाय? मग मागून घेतल्याशिवाय कोण येतंय इथं?" गावाच्या नावावरून पारावर वाद रंगला की ते मध्ये पडायचे नाहीत. "उस्मानाबाद म्हना, धाराशिव म्हना. हवा तीच हाय ना?" एवढं बोलून स्वेटर खाली ओढायचे आणि निघायचे.

सगळ्यात मोठी मिजास होती ती घराच्या पत्र्याची. आमचा सगळा भाग नद्यांच्या दुभाजकावर आहे. डोंगराच्या एका अंगाचं पाणी भोगावतीतून, सीनेतून पुढं कृष्णेला जातं आणि दुसऱ्या अंगाचं तेरणेतून, मांजरेतून गोदावरीला. हे भूगोलाच्या पुस्तकात बसेल इतकं खरं. अण्णांनी त्यात फक्त एवढीच भर घातली होती, की तो दुभाजक नेमका त्यांच्या घराच्या आढ्यावरून जातो. "ह्या पन्हाळीचं पानी कृष्णामाई, त्या पन्हाळीचं गोदामाई." आमच्या गल्लीतल्या एक सोवळ्या आजी पावसाळ्यात तांब्या घेऊन मुद्दाम दोन्ही पन्हाळ्यांखाली उभ्या राहायच्या. अण्णा त्यांच्यावर छत्री धरायचे. आणि दुष्काळात, सारी गल्ली टँकरच्या मागं घागरी घेऊन धावत असताना, अण्णा रांगेत उभं राहून समजावायचे, "पान्याला दोष देऊ नका. आपन उंचावर हाओत, पानी खाली जानारच. त्याचा धर्मच त्यो."

अशा माणसानं कसलं दुकान काढावं? त्यांनी स्टँडजवळ लोकरीच्या कपड्यांचं दुकान काढलं. 'हिमशिखर स्वेटर सेंटर'. पाटीवर बर्फाचा डोंगर, त्याच्यापुढं कडुनिंबाचं खरं झाड, आणि झाडाखाली लिंबू सरबताची गाडी. डिसेंबर-जानेवारीत दुकान चालायचं. एरवी अण्णा छत्र्या, दप्तरं, रुमाल विकायचे, पण स्वेटर कधी कपाटात गेले नाहीत. एप्रिलमध्ये रुमाल घ्यायला आलेल्या माणसाला ते कानटोपी दाखवायचे. "संध्याकाळी परत येशीला," म्हणायचे. तो यायचा नाही, हा भाग वेगळा.

आणि संध्याकाळ म्हणजे टेकडी. अण्णांकडे पाहुणा आला आणि टेकडीवर न जाता परत गेला, असं कधी झालं नाही. गावाच्या कडेला देवीची टेकडी आहे. ऊन कलंडलं की अण्णा पाहुण्याच्या हातात एक शाल द्यायचे, दुसरी स्वतःच्या खांद्यावर टाकायचे आणि चालू लागायचे. साडू, व्याही, विमा एजंट, नातवाच्या शाळेतले मास्तर, सगळे त्या टेकडीवर जाऊन आले. वर पोचलं की अण्णा त्यांना कठड्यापाशी उभं करून दोन्ही नद्या सांगायचे, लेणी सांगायचे, अंमलदार सांगायचे, आणि शेवटी नजर रोखून विचारायचे, "काय? भरलं का न्हाय कापरं?" चढाच्या दमानं पाहुण्याचे पाय थरथरतच असायचे. तो व्हय म्हणायचा. अण्णा जिंकलेल्या पैलवानासारखे खाली उतरायचे. घरी विमलकाकींच्या गरम भाकरी तयार असायच्या.

विमलकाकी म्हणजे अण्णांची बायको. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. माहेर त्यांचं पाचगणीच्या खालच्या अंगाला, एका वाडीत. दुकानातले चांगले स्वेटर त्यांच्या हातचे. अण्णांची सारी व्याख्यानं त्या ओसरीत बसून, सुया चालवत, खाली मान घालून ऐकायच्या. कधी हसल्या नाहीत, कधी खोडून काढलं नाही. लहानपणी मला वाटायचं, काकींचा या सगळ्यावर विश्वास असावा. नंतर वाटायला लागलं, त्यांचं लक्षच नसावं.

मी लग्न होऊन पुण्याला गेले. वर्षातून दोनदा माहेरी यायची तेव्हा अण्णा वेशीवरच्या नाकेदारासारखे विचारायचे, "आलीस का वर?" गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा मात्र त्यांनी विचारलं नाही. ओसरीत सुटकेसी उघड्या पडल्या होत्या. काकींचे गुडघे कधीचेच गेलेले, आता छातीचाही त्रास सुरू झाला होता. उन्हाळ्यात धाप लागायची. त्यांचा मुलगा पुण्यात असतो. त्यानं दोघांना कायमचं न्यायचं ठरवलं होतं. दुकान देऊन टाकलं होतं, घराला कुलूप लागायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन येणार होता.

अण्णांनी लढा दिला नव्हता असं नाही. "पुणं आपल्यापेक्षा खाली हाय," असं ते मुलाला फोनवर सांगत होते. "ह्या वयात उतारावर जाऊन राहायचं?" पण डॉक्टरांनी काकींच्या देखतच सांगितलं होतं, की यांना इथलं ऊन सोसायचं नाही. 'इथलं ऊन' हे दोन शब्द अण्णांनी निमूट ऐकून घेतले म्हणे. त्यावरूनच मला काय ते कळलं.

दुपारी मी काकींना कपडे आवरू लागायला बसले. अण्णा दुकानाची किल्ली द्यायला बाजारात गेले होते. ट्रंकेतून स्वेटर निघत होते, एकाखाली एक.

"काकी," मी म्हटलं, "एक विचारू? अण्णांना खरंच उकडत नाही का?"

काकी खुदकन हसल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

"उकडतं की. पाठ सारी घामोळ्यांनी भरलेली असती. रात्री मीच पावडर लावती."

"मग?"

काकींनी हातातल्या स्वेटरची घडी घातली. "मला बघायला आले तेव्हा माझे वडील नाही म्हणत होते. मराठवाड्यात पोरगी करपून जाईल म्हणत होते. तर हे म्हणाले, आमचं गाव तुमच्यासारखंच डोंगराच्या कडेला हाय. संध्याकाळी घोंगडं पांघरल्याबिगर ओट्यावर बसता येत न्हाय. वडिलांनी दिली मग. वैशाखात लग्न झालं, एस्टीतून इथं उतरले. वारा कसला, फुफाटा नुसता. घसा सुकला माझा. वर बघते तर हे पाण्याचा तांब्या घेऊन पुढ्यात उभे. आता ही काय बोलते, म्हणून तोंड एवढंसं झालेलं. मला दया आली. मी म्हटलं, हवा बरी आहे की."

"आणि?"

"आणि काय? तेव्हापासनं हे सुरू झालं."

पुढची गोष्ट त्यांनी घड्या घालता घालताच सांगितली. पहिल्या वर्षी त्यांना माहेरची फार आठवण यायची. हिवाळ्यात त्यांच्या वाडीतल्या साऱ्या बायका विणत बसायच्या, इथं सुया पेटीतच पडून होत्या. अण्णांनी सोलापूरहून लोकर आणली. काकींनी पहिला स्वेटर विणला. अण्णांनी तो उन्हाळ्यात घातला, तेव्हा त्यांनी दुसरा विणला. घरात स्वेटरांची रास झाली, तेव्हा अण्णांनी दुकान काढलं.

मी पुढचा स्वेटर घडीला घेतला आणि म्हटलं, "टेकडीवर तरी हवा असते चांगली. तिथं बरं वाटत असेल ना तुम्हाला?"

"मी कुठं गेलेय टेकडीवर?"

"म्हणजे?"

"अगं, हे पाहुण्यांना घेऊन जायचे. पाहुणे परत यायच्या टायमाला भाकरी नको का तयार?" तक्रारीचा सूर नव्हता. ऊन आहे, सावली आहे, तसं त्या सांगत होत्या. "मग गुडघे गेले."

अण्णा दारात उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नंदे, तुझी गाडी वरपर्यंत जाती का गं?"

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. काकींनी नवं लुगडं नेसायला वेळ घेतला. अण्णा माझ्याशेजारी न बसता मागं त्यांच्याजवळ बसले. गाडी जाईल तिथवर मी नेली. पुढच्या थोड्याशा चढावर आम्ही दोघांनी काकींना दोन्ही बाजूंनी धरलं. दोन पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दोन पावलं. वर कॉलेजची पोरं मोबाइलमध्ये फोटो काढत होती, एक भेळवाला गाडा लावून उभा होता. काकींना कठड्याजवळच्या बाकावर बसवलं, अण्णा शेजारी टेकले. धाप खाली बसायला वेळ लागला. तोवर खालच्या गावात दिवे लागायला सुरुवात झाली होती, आणि डोंगराच्या धारेवरून वारा सुटला. खरंच सुटला. भेळवाल्याचे कागद उडाले, पोरींनी ओढण्या सावरल्या.

मी अण्णांकडे बघितलं. आता नद्या येणार, लेणी येणार, अंमलदार येणार. त्यांचा आवडता मोका होता. पण अण्णा नुसते काकींच्या तोंडाकडे बघत होते. त्या तांब्याच्या वेळी बघितलं असेल, तसेच.

काकी बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"ते दिवे कुठले ओ?" त्यांनी विचारलं.

"आपलंच गाव."

"एवढं मोठं हाय?"

"झालंय आता."

वाऱ्यानं काकींचे केस विस्कटले, त्यांनी ते मागं सारले.

"तुम्ही मला इथं आणलंत ते लई बरं केलंत," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान खाली घातली. "उशीर झाला, विमल. गुडघे धड हुते तवाच आनायला पायजे हुतं. ध्यानातच आलं न्हाय माझ्या."

"टेकडीचं म्हणत न्हाई मी," काकी म्हणाल्या. "ह्या गावात आणलंत, ते."

अण्णांनी चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीनं पुसायला गेले तर बाही नव्हती, तसाच परत डोळ्यांवर चढवला. मग ते बाकावरून उठले आणि काकींच्या दुसऱ्या बाजूला, वारा येत होता त्या अंगाला, जाऊन बसले.