शंभर टक्के चार्ज

"पप्पा, आज होडी मी चालवू का?"

हा प्रश्न भर घाटावर, सगळ्यांच्या देखत विचारायची पैज माझ्या मैत्रिणीनं, आशानं लावली होती. तिला वाटलं, मी ततपप करीन. मी तर असा खणखणीत विचारला की कबुतरं उडाली!

पप्पा म्हणाले, "दहा वाजेलोंग बॅटऱ्या भरी ठेव, मंग चालाड. पन एक जरी चूक व्हयनी, ते पुन्हा हात नही लावाना!" आणि ते चहाला गेले.

सोप्पं! होडीतल्या जनरेटरची दोरी ओढली. धडधडधड! मग अडगळ नको म्हणून दोन्ही वल्ही घाटावर काढून ठेवली. "बॅटरीचा जमाना आहे, आशे!"

पण आमच्या प्रकाशा गावात सकाळपासून वीज नव्हती. जनरेटरचा आवाज म्हणजे पंगतीचं आमंत्रणच! तापीमावशी आख्खं भजनी मंडळ घेऊन आल्या. "सुषमा, मन्हाबी मोबाईल लाव ना वं!"

आता लीडर म्हटल्यावर मन मोठं हवं. जनरेटरच्या एकुलत्या एका सॉकेटात कसला तरी जाडजूड प्लग उगाच बसला होता. काढला, एक्स्टेंशन बोर्ड जोडला. तेवीस मोबाईल! घाटावर माझा जयजयकार!

दहाला निघालो. मी सुकाणूवर, पप्पा समोर, मंडळ टाळ वाजवतंय. बरोब्बर नदीच्या मधोमध मोटर म्हणाली, "घुर्रर्र..." आणि गप्प. तापी नदीसुद्धा गप्प.

पप्पांनी फळीखाली वाकून तो जाडजूड प्लग वर काढला. मेलेला उंदीर धरावा तसा! "हाऊ बॅटरीना चार्जर शे."

"लावू ना आता!"

"पेट्रोल कोठे शे?"

तेही तेवीस मोबाईल पिऊन बसले होते.

"वल्हं कोठे शे?"

मी लांबच्या घाटाकडे बोट दाखवलं.

"चिंता नही, गिरधरभाऊ," तापीमावशी खूश होऊन म्हणाल्या, "मोबाईल फुल्ल शेतस!" तेवीस जणींनी तेवीस फोन लावले. दहा मिनिटांत अख्खं गाव घाटावर! मधोमध आई, कमरेवर हात. शेजारी आशा, व्हिडिओ काढतेय. गोवालकाकांनी मासेमारीच्या होडीला बांधून आम्हाला ओढत आणलं, हट्टी म्हशीसारखं.

काठावर पाय ठेवताच, आईनं तोंड उघडायच्या आत मी जाहीर केलं, "आई, पप्पा, मी ठरवलंय! होडी मीच चालवणार! बॅटरीला मात्र हात लावणार नाही... उद्यापासून वल्ही मारायला शिकवा."